जूनला जोडलेला जुलै

२७ डिसेंबर

ताई,

तू मोठी, म्हणून आधी नमस्कार. माझा राग अजून गेलेला नाही, हे दुसरं. आणि माझं तुझ्याकडे काम आहे, हे तिसरं. फोनच केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटेल आणि कामाचं बोलणं राहून जाईल. म्हणून पत्र.

काम असं आहे. नव्या वर्षाची वही मला या वेळी हाताने करायची आहे. विकतच्या डायऱ्या बघून आले. त्यांत वर्षाच्या शेवटापर्यंतच्या सगळ्या तारखा आधीच छापून ठेवलेल्या असतात, जणू काही प्रत्येकाला सगळं वर्ष मिळणारच आहे. मी एक उघडली आणि लगेच मिटून ठेवली. मला साधी वही पुरे. बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात वर्ष संपत आलं की आपण दोघी घरासाठी करायचो, तशी. महिन्याला एक पान. पुढच्या बाजूला तारखांचे चौकोन, मागच्या बाजूला टिपणं. करायच्या कामापुढे टिंब, झालं की टिंबावर फुली, आणि पुढे ढकललं की बाण. माझ्या पानांवर नुसते बाणच असायचे, त्यावरून तू मला किती छळायचीस.

पण ओळी मारणं सोडलं तर मला काही आठवत नाही. ताव किती घ्यायचे, घडी कशी घालायची, शिवायचं कुठून, ते सगळं तू करायचीस. मी शेजारी बसून, बाबांनी कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायच्या आत, मैद्याची खळ चाटायचे. तर तेवढं कळव. एका कार्डावर मावेल. जास्त लिहायची गरज नाही.

वही कशाला हवी, हे तू विचारणार नाहीस. तू कधी विचारतच नाहीस, सरळ कामाला लागतेस. या वर्षाच्या सुरुवातीला न विचारताच ती पिवळ्या कापडाची जाड वही करून पाठवलीस. ऑगस्टमधल्या एका तारखेभोवती लाल गोल. पुढे 'पहिला दात', 'पहिलं पाऊल', प्रत्येकाला वेगळं पान, तुझ्या त्या सुरेख अक्षरात. मार्चमध्ये बाळ गेलं. आठवड्याने तू आलीस, माझ्या पलंगाच्या कडेला बसलीस आणि म्हणालीस, "असू दे गं. पुढच्या वर्षाची वही याहून छान करू." त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही. ती वही माळ्यावर आहे. मला ती टाकवतही नाही आणि खाली काढवतही नाही.

तावांचं तेवढं लवकर कळव.

खळखाऊ

ता.क. मला पुन्हा दिवस गेलेत. जुलै म्हणतायत. मला फार भीती वाटते, ताई. लिहून झालं, आता पाकीट चिकटवते.


४ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "सहा ताव. घडी घालण्याआधी प्रत्येक ताव दोन्ही बाजूंनी वाकवून बघ. जिकडे मुकाट वाकतो तिकडेच घडी. एकात एक घाल, वर पुठ्ठा. मधोमध भोकं, मेणाचा दोरा. ता.क. वाचलं." बस्स. इतक्या महिन्यांनी बहीण बहिणीला लिहिते आणि त्यातलं सगळ्यात लांब वाक्य घडीवर. मी आधी हसले आणि मग बराच वेळ रडले.

वही झाली. भोकं पाडायला नवऱ्याला बसवलं. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. आधी माप घेतलं, मग पेन्सिलीने खुणा केल्या, मग माप पुन्हा तपासलं. मी म्हटलं, "अरे, या दोऱ्यावरून माणसं वरखाली जाणार नाहीयेत." तर म्हणाला, "तुला काय ठाऊक." पण भोकं अगदी सरळ आली.

ओळी मारायला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी लहानपणी कधी आली नव्हती. ज्या तावाच्या अर्ध्या भागावर जानेवारी आहे, त्याच्याच दुसऱ्या अर्ध्यावर डिसेंबर येतो. फेब्रुवारीच्या तावाला नोव्हेंबर. असं करत करत सगळ्यात आतल्या तावावर जून आणि जुलै शेजारी, मध्ये दोरा. मी जूनपर्यंत ओळी मारल्या. जुलैवर पट्टी ठेवली आणि हात तिथेच थांबला. पट्टी उचलून ठेवली. पुढची पानं कोरीच आहेत.

मला कशाकशाची भीती वाटते ते सांगू? बाथरूममध्ये जायची वाटते. आत गेले की आधी डोळे मिटून घेते, मग हळूच एक उघडते. शिंक आली तर पोट धरते. पोट दुखलं की घाबरते, आणि दुखायचं थांबलं की त्याहून जास्त घाबरते. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं असतं, तर माझाच हात हलतो. काल एका आजोबांनी विचारलं, "बाई, चष्मा मला लागलाय की तुम्हाला?" दुकानात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

घरात मात्र सासूबाईंना माहीत आहे. त्या रोज सकाळी माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "काही होत नाही गं." मनाने चांगल्याच आहेत. पण गेल्या वेळीही त्या रोज हेच म्हणत होत्या. तू तरी तसं लिहू नकोस.

डॉक्टर बाई म्हणतात, या वेळी टाका घालायचा. याच महिन्यात.

खळखाऊ


२३ जानेवारी

ताई,

टाका घातला. डॉक्टर बाईंचं म्हणणं, गेल्या वेळी बाळात काही खोट नव्हती, पिशवीचं तोंडच वेळेआधी उघडलं. म्हणून या वेळी ते शिवून टाकलं. जून संपता संपता काढतील.

तू कार्डावर विचारलं होतंस, "दोरा कसला? मेणाचा का?" बाकी दुसरं काही नाही, ख्यालीखुशालीसुद्धा नाही. मीही तशीच, तोंड वर करून डॉक्टर बाईंना विचारलं. आधी त्यांना वाटलं मी भुलीत बरळते आहे. मग हसून म्हणाल्या, "दोरा नाही हो, फीत असते. चपटी. बारीक दोऱ्याने कापलं जातं." ते ऐकून मला जरा बरं वाटलं. बाबाही जाड पुस्तकं फितीवरच शिवायचे ना? फितीवर शिवलेलं पुस्तक उघडून उघडून थकतं पण सुटत नाही, असं म्हणायचे. तुला हे सांगायचंच होतं.

आता जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत. नवरा अख्ख्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. हे त्याच्या मनाला फार लागलंय. मला खुर्चीला पट्ट्यांनी बांधून वर न्यायचा त्याचा बेत होता. मी म्हटलं, मला काय पोतं समजलास. शेवटी त्याने आणि त्याच्या जोडीदाराने मला खुर्चीसकट वर आणलं आणि प्रत्येक मजल्यावर थांबून दोघं लिफ्टमधल्यासारखा आवाज काढत होते. मी हसले नाही, कारण हसताना पोट हलतं.

दुकानातून रजा घेतली. मालकांना सांगावंच लागलं. भिंग पुसता पुसता ते म्हणाले, "काही होत नाही." सगळ्यांना हे कोण शिकवतं कोण जाणे.

दिवसभर वही उशाशी असते. दिवस गेला की त्याच्या चौकोनात फुली मारते. तेवढंच माझं काम. पण मागची पानं मला बघवत नाहीत. वही कुठेही उघडली तरी ती कोरी पानं एकगठ्ठा हाताला लागतात. आपण काही मागितलं नाही तर काही जाणारही नाही, असं मी मनाशी ठरवलंय. आणि ही पानं तर नुसती मागतच असतात.

खळखाऊ


१५ फेब्रुवारी

ताई,

सगळं ठीक आहे. वहीही ठीक आहे. अक्षर वाकडं आलंय ते मनावर घेऊ नकोस. आडवी पडून लिहिते आहे आणि पलंगाचं पायाकडचं टोक उचलून ठेवलंय, त्यामुळे पेन मध्येच चालेनासं होतं. इथे जेवण वेळेवर देतात. शेजारच्या खाटेवरची बाई चांगली आहे, सारखी बोलत असते.

तू येऊ नकोस. येण्यासारखं काही नाही.

एक विचारायचं होतं. शिवलेल्या वहीतली काही पानं काढून टाकली, तर बाकीच्या वहीला काही होतं का? सहज विचारते.

खळखाऊ


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड नवऱ्याने इथे आणून दिलं. "कुठली पानं काढलीस? आणि कुठल्या दवाखान्यात आहेस?" तुझ्यापासून काही लपत नाही. ऐक मग.

त्या दिवशी दुपारी सासूबाई बाहेर गेल्या होत्या. मी फुली मारायला वही उघडली आणि पुन्हा ती मागची पानं हाताला लागली. का कोण जाणे, एकदम असह्य झालं. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून ब्लेड काढलं आणि जुलैपासूनची सगळी पानं दोऱ्याला घासून कापून टाकली. अगदी सहज निघाली. वही हलकी झाली आणि मलाही हलकं वाटलं. पानं कचऱ्याच्या डब्यात टाकली, सकाळी कचऱ्याबरोबर गेली. मनात म्हटलं, आता जूनपर्यंतचं तेवढं बघू.

त्याच सकाळी रक्त दिसलं.

खाली कशी आले ते आठवत नाही. पट्टे बांधलेल्या खुर्चीतूनच आणलं असणार, या वेळी कुणी आवाज काढले नसणार. भरती करून घेताना नर्सने विचारलं, शेवटची पाळी कधीची? मला ती तारीख तोंडपाठ आहे, पण त्या क्षणी सुचेना, म्हणून वही उघडली. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. तर जानेवारी माझ्या मांडीवर पडला. मग फेब्रुवारी, मार्च, सगळे एकामागोमाग एक फरशीवर. दोऱ्यात कागदाची नुसती कड राहिली होती, उंदराने कुरतडल्यासारखी.

मी बाइंडरची मुलगी आहे, ताई. तावाचा अर्धा भाग कापला की दुसऱ्या अर्ध्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, हे मला कळायला हवं होतं. बाबा एखादं खराब पान काढायचे तेव्हा दोऱ्याजवळ बोटभर पट्टी सोडूनच कापायचे, हेही मी शंभरदा पाहिलंय. पण तेव्हा मला ती पानं कुठूनच दिसायला नको होती. नर्स बिचारी वाकून पानं गोळा करत होती. म्हणाली, "अहो, रडू नका, ही बघा, सगळी पानं आहेत." सगळी नाहीत, हे तिला कसं सांगणार.

आता रक्त थांबलंय. टाका धरून आहे. रोज ठोके ऐकवतात, ते चालू असेपर्यंत मी श्वास घेते आणि यंत्र उचललं की पुन्हा धरून ठेवते. पण मला एक सांग. मी पानं कापली म्हणून हे झालं का? असं काही नसतं, मला कळतं. तरी सांग. डॉक्टर बाईंना विचारायची लाज वाटते. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "वेडी आहेस का?" आणि मग जिन्यात जाऊन उभा राहिला, कारण त्याचेही डोळे भरले होते. सासूबाई काय म्हणाल्या ते तुला माहीतच आहे. माझ्या तोंडावर खरं बोलणारी तू एकटीच आहेस. म्हणून तर माझा तुझ्यावर राग आहे.

आठवड्याने मार्च लागतो. मार्चची मला फार भीती वाटते.

येऊ नकोस असं लिहिलं होतं, ते तूर्त तसंच राहू दे. तुला दारात पाहिलं तर मी धीर सोडेन, आणि सध्या तो सोडून चालणार नाही.

खळखाऊ


१३ मार्च

ताई,

मी घरी आहे. अजून दोघं आहोत.

तुझं पाकीट आलं. दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून पाठवलेली सहा कोरी पानं, प्रत्येकाच्या कडेला एक पातळ पट्टी, आणि सोबत तुझी चिठ्ठी. ती मी इतक्यांदा वाचली आहे की आता न बघता लिहिते:

"कापल्यामुळे काही झालेलं नाही. मी दुकानात दिवसभर कागदच कापते. ही घे सहा पानं. पट्टीचा अर्धा भाग बाहेर सोडला आहे, त्यावर तुझी पानं चिकटव. जानेवारीला डिसेंबर, जूनला जुलै. वजनाखाली नीट वाळू दे, मग शिव. ओळी मारलेल्या नाहीत. गेल्या वेळी तुझं वर्ष तुझ्याआधी मीच भरून टाकलं. आणि नंतर तुझ्या पलंगावर बसून जे बोलले ते मला अजून ऐकू येतं. मला रिकाम्या हातांनी बसता येत नाही, आणि त्या दिवशी करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तोंड चालवलं. तू म्हणशील तेव्हा येईन. म्हणाली नाहीस तर इथेच भीत बसेन."

ते शेवटचं वाक्य वाचून मी चिठ्ठी उशीखाली ठेवली आणि गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी. सगळे मला धीर देतात, ताई. माझ्याबरोबर भ्यायला कुणी तयार नव्हतं.

नवऱ्याने खळ केली. इतक्या गुठळ्या की तिने भिंत बांधता आली असती. सासूबाईंनी ती बघितली, म्हणाल्या, "काही होत नाही," आणि गाळणीतून गाळली. या वेळी ते त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मी बोट बुडवून चाटून बघितलं. चव तीच आहे, फक्त आता आवडत नाही.

पडल्या पडल्या रोज एक जोडी चिकटवली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, सगळ्यांना आपापलं दुसरं अर्धं मिळालं. जून आणि जुलै तेवढे राहिलेत. ते दोन कागद शेजारी ठेवते, खळीची वाटी जवळ घेते आणि मग वाटीवर झाकण ठेवते.

गेल्या वर्षीची ती तारीख परवा येऊन गेली. नवरा कामावर गेला नाही. दोघं दिवसभर छताकडे बघत पडून होतो. माझा हात पोटावर, त्याचा माझ्या हातावर, आणि दोघांपैकी कुणी जरा जोरात श्वास घेतला तरी दुसरा दचकत होता. दिवेलागणीला तो हळूच म्हणाला, "गेला की गं दिवस." मी पान मागितलं आणि त्या चौकोनात फुली मारली. इतकी दाबून मारली की मागच्या बाजूला उठली आहे.

खळखाऊ


१२ एप्रिल

ताई,

काल तपासणी झाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता समजा बाहेर आलंच, तरी आम्हाला काहीतरी धडपड करता येईल." मग माझ्या पोटाकडे बघून दटावल्यासारखं म्हणाल्या, "पण इतक्यात यायचं नाही हं." घरी येईपर्यंत तोच एक शब्द घोळवत होते. 'काहीतरी' हा शब्द मला आधारासारखा वाटावा की त्याचीही भीती वाटावी, ते ठरत नव्हतं. दोन्ही वाटलं.

भीती गेलेली नाही. आज सकाळीही डोळे मिटूनच बाथरूममध्ये गेले. लाथ मारली की घाबरते, आणि मारली नाही तर पोटाला बोटाने टोचून जागं करते. जन्माला यायच्या आधीच आईने झोपमोड सुरू केली, असं ते पुढे म्हणेल. हे 'पुढे म्हणेल' मी आत्ता लिहिलं बघ. खोडणार होते. राहू दे.

दुपारी खळ केली, या वेळी माझी मीच, स्टुलावर बसून. जूनला जुलै चिकटवला. वाळल्यावर सहाही ताव एकात एक घातले आणि पुठ्ठ्यातल्या जुन्या भोकांच्या मापाने नवी भोकं पाडून शिवलं. दोरा ओढताना सुई दोनदा हातातून सुटली. गाठ आतल्या बाजूला मारली, बाबा मारायचे तशी. वही हलवून बघितली, उलटी धरून बघितली. एक पान पडलं नाही.

मग जुलैवर पट्टी ठेवली आणि ओळी मारल्या. पेन्सिलीने. चौकोन थोडे तिरपे आलेत, तू बघितलेस तर नाक मुरडशील.

तारखेभोवती गोल केलेला नाही. नाव लिहिलेलं नाही, दाताचं नाही, पावलाचं नाही. ते मला येत नाही आणि माझ्या हातातही नाही. पण पान कोरं ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून पहिल्याच चौकोनात एक टिंब दिलंय. ते मात्र पेनाने. पुढे लिहिलंय, 'ताई येणार.'

आता मी म्हणते आहे, म्हणून ये. तोवर टाका काढलेला असेल. सगळं ठीक असेल तरी ये, नसेल तरी ये. आलीस की माझ्या पलंगाच्या कडेला त्याच जागी बस आणि काही बोलू नकोस. हात रिकामे वाटले तर माझा हात धर. पिवळी वही माळ्यावरून काढायची की नाही, ते तेव्हा दोघी मिळून बघू.

माझ्या पानांवर आजवर बाणच जास्त झाले, तुला माहीत आहे. या टिंबाचा बाण होऊ देऊ नकोस.

खळखाऊ